अर्ध्या दिवसाचा एकांत: आत्मपरीक्षण कोणत्या क्रमाने करावं

ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की चर्चच्या वेदीवरून हमखास एक सल्ला मिळतो: थोडा वेळ एकांतात घालवा. माणसं मनापासून तसं करतात. फोन बंद ठेवतात, झाडाखाली बसतात, बरं वाटतं, परत येतात. आणि सोमवारी डबा भरायला उशीर झाला की घरात तोच आवाज चढतो, तेच टोमणे निघतात. विसावा मिळाला हे खरं, पण वागण्यात फरक पडला नाही.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. कोणी बसल्याबसल्या पापांची यादी काढतो आणि तासाभरात खचतो. कोणी नुसत्या भावनेत रमतो आणि एकाही प्रत्यक्ष प्रसंगापर्यंत पोचत नाही. शेवटची पायरी, म्हणजे ज्या माणसाचं आपण काही बिघडवलं त्याच्याकडे जाणं, ती तर जवळजवळ सगळेच गाळतात.

पुढची पद्धत संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या पाच पायऱ्यांवर आधारलेली आहे: उपकारस्मरण, प्रकाशाची मागणी, हिशोब, क्षमायाचना, निर्धार. इग्नेशियस कॅथलिक, येशूसंघाचे (जेझुइट संघाचे) संस्थापक. पण या पाचांत प्रॉटेस्टंट वाचकाला अडखळायला लागेल असं काही नाही. मूळ परीक्षण रोजचं आणि थोडक्यात करायचं असतं. मी ते महिन्यातून एकदा, साधारण चार तासांसाठी मांडलं आहे.

## आत्ता हे कोणी करू नये

घरात नुकताच मृत्यू झाला असेल, आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर एकटं बसू नका. आधी सोबत आणि डॉक्टर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

ज्यांना प्रत्येक गोष्टीत आपलं पाप दिसतं, क्षमा मागूनही तेच पाप पुन्हा पुन्हा उगाळावंसं वाटतं, त्यांनी हे फादरांच्या किंवा पाळकांच्या देखरेखीखालीच करावं. स्पेनमधल्या मानरेसा गावी खुद्द इग्नेशियस यांची हीच गत झाली होती. पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) करून झालं तरी काहीतरी सांगायचं राहिलं, ही टोचणी त्यांना महिनोन्‌महिने छळत होती.

आणि घरात मारहाण, छळ सोसणाऱ्या बाईने "माझंच कुठे चुकतंय" हे शोधायला तर मुळीच बसू नये. हे परीक्षण आपण केलेल्या चुकांचं आहे, आपल्यावर झालेल्या अन्यायाचं नाही. तिला मदत हवी, आत्मपरीक्षण नव्हे.

## तयारी: आदल्या आठवड्यात

जागा. पाच माणसांच्या वन रूम किचनमध्ये एकांत मिळत नाही, आणि मिळवायचा हट्टही धरू नका. गच्ची चालेल, पण टाकीचा पंप किती वाजता सुरू होतो ते आधी विचारा. कामाच्या दिवशी सकाळची मिस्सा (कॅथलिक उपासना) संपली की बरीच चर्चं दुपारपर्यंत रिकामी असतात. मात्र काही ठिकाणी दाराला कुलूप लागतं, म्हणून आदल्या दिवशी विचारून ठेवा. दफनभूमी ही फारशी कोणाला न सुचणारी, पण चांगली जागा. मुंबईत वांद्र्याला माऊंट मेरीच्या टेकडीवर येशूसंघीयांचं रिट्रीट हाऊस, म्हणजे एकांत-प्रार्थनेचं घर, आहे. अशा ठिकाणी आधी कळवून जावं. सप्टेंबरात माऊंट मेरीच्या जत्रेच्या आठवड्यात मात्र तिकडे शांतता शोधू नका.

वेळ. सकाळी सात ते अकरा. टप्प्यांची बेरीज तीन तासांची आहे; उरलेला वेळ मधे रेंगाळायला, चालायला, पाणी प्यायला. दुपारी जेवून बसलात तर पेंगाल. रविवार टाळा, उपासना, पाहुणे आणि मटण यांतून चार तास सुटत नाहीत.

घर. तुम्ही नसताना डबा कोण करणार, मुलांना शाळेत कोण सोडणार, आईच्या गोळ्या कोण देणार, हे नावानिशी ठरवा. नवरा ध्यानाला गेला आणि बायकोचं काम दुप्पट झालं, तर त्याने तिथे बसून नम्रतेवर कितीही मनन केलं तरी काय उपयोग? जितका वेळ तुम्ही घ्याल तितकाच दुसऱ्याला देण्याचा वार आधीच ठरवून टाका.

सामान. छापील बायबल, एक कोरा कागद, पेन, पाणी, मनगटी घड्याळ. फोन नको. "बायबल फोनवर आहे" हे कारण सगळ्यात महागात पडतं. वचन उघडेपर्यंत घरच्या ग्रुपवरचे तीन मेसेज वाचून झालेले असतात.

पोट आणि झोप. पहिल्या वेळी उपास करू नका. पोहे खा, चहा घ्या. आदल्या रात्री दहाला झोपा. एलीया संदेष्टा थकून रतामाच्या झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला आधी उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं, झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून खायला दिलं. होरेब डोंगरावरची देवाची मंद वाणी त्यानंतरची (१ राजे १९).

> तपासा: घरच्यांपैकी एकाला तरी तुमचा ठावठिकाणा माहीत आहे ना? अडीअडचणीला कोणी बोलवायला आलं तर कुरकुर न करता उठायचं. येशू शिष्यांना घेऊन विसाव्यासाठी निघाला तेव्हा लोकसमुदाय त्याच्या आधी तिथे पोचला होता. त्याला त्यांचा कळवळा आला (मार्क ६). एकांत पुढच्या आठवड्यातही घेता येतो.

## टप्पा १: बसण्याआधी उभं राहा (५ मिनिटं)

जागेवर थेट जाऊन बसू नका. एक-दोन पावलं अलीकडे थांबा आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना म्हणायला लागतो तितका वेळ उभे राहा. देव आत्ता माझ्याकडे कसा पाहतो आहे, एवढंच मनात आणा. ही सूचना इग्नेशियस यांचीच, आणि ती दिसते त्यापेक्षा फार उपयोगी आहे. रिक्षाभाड्यावरून घातलेली हुज्जत तिथेच गळून पडते.

मग बसा. खुर्ची, जमीन, गुडघे, जे जमेल ते. एका स्थितीत मन लागलं की ती बदलू नका.

## टप्पा २: एकच वचन (३० मिनिटं)

स्तोत्र १३९ घ्या, किंवा लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राचा दृष्टान्त. दोन्ही नकोत. सावकाश तीनदा वाचा. एखाद्या ओळीवर अडकलात तर तिथेच थांबा. अध्याय पुरा करायचं बंधन नाही.

इथली नेहमीची चूक शिकलेल्यांची असते. संडे स्कूलचे शिक्षक, प्रार्थनासभेत बोलणारे, वाचन करणारे यांच्या डोक्यात आपोआप मुद्दे तयार होऊ लागतात: "हे रविवारी सांगता येईल." मुद्दा सुचला तर सुचू द्या, पण कागदावर उतरवू नका. तो कागद दुसऱ्या कामासाठी आहे.

## टप्पा ३: उपकारस्मरण (३० मिनिटं)

पाच पायऱ्यांत ही पहिली आहे ती उगाच नाही. हिशोबाला आधी बसलं की माणूस एक तर स्वतःचा वकील होतो नाही तर स्वतःचा फौजदार. आपल्याला किती मिळालं आहे हे आधी दिसलं की लपवायची गरज कमी होते.

पण "आरोग्यासाठी धन्यवाद, कुटुंबासाठी धन्यवाद" असं पाठ म्हटल्यासारखं नको. गेल्या सात दिवसांतलं आठवा. बुधवारी ट्रेनमध्ये कोणी सरकून जागा दिली. मुलीने न सांगता कपडे घडी करून ठेवले. ज्याच्याशी पटत नाही त्या सहकाऱ्याने फाईल वेळेवर दिली. नावं येऊ द्या, विशेषतः अडचणीची.

> तपासा: आठवलेल्यांत तुम्हाला न आवडणारा एक तरी माणूस आहे का? नसेल तर अजून दहा मिनिटं बसा.

## टप्पा ४: प्रकाश मागा (५ मिनिटं)

छोटी पायरी, पण गाळू नका. एक वाक्य पुरे: प्रभू, मला जे दिसत नाही ते दाखव. आपली चूक आपल्याला आपोआप दिसते हा भ्रम आहे. दावीद राजाने आपल्याच सैनिकाची, उरीयाची, बायको नेली, उरीयाला मारवलं, आणि तरी नाथान संदेष्ट्याने एका श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली तेव्हा तो त्या श्रीमंतावर संतापला (२ शमुवेल १२). दुसऱ्याचा अन्याय त्याला लख्ख दिसत होता.

## टप्पा ५: हिशोब (सव्वा तास)

खरं काम इथे आहे, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

गेले सात दिवस एकेक करून डोळ्यांपुढून न्या. घर, कामाची जागा, रस्ता, पैसा, फोन, चर्चची मंडळी. जिथे मन "पुढे चल, पुढे चल" म्हणतं तिथे थांबा. असे दोन-तीन प्रसंग सापडतील. त्यातला एक निवडा आणि कागदावर पंचनाम्यासारखा लिहा: काय घडलं तेवढंच, मत नाही.

उदाहरण घेऊ. एका बाईंनी लिहिलं, असं समजा: "माझ्यात प्रेम कमी पडतं." हे वाक्य धार्मिक वाटतं, पण त्याचं पुढे काहीच करता येत नाही. त्यांनी ते खोडून लिहिलं: "मी कामवाल्या मावशींशी कठोर वागले." जरा बरं. तिसऱ्यांदा लिहिलं: "मावशींचा नातू तापाने आजारी होता, त्या चार दिवस आल्या नाहीत. महिनाअखेरीला मी चार दिवसांचे पैसे कापले. नोटा मोजताना त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत."

आता हातात काहीतरी आलं. यापुढे दोनच प्रश्न.

*मला तेव्हा काय हवं होतं?* पहिलं उत्तर येईल, "शिस्त. सगळेच कापतात." ते लिहा आणि थांबा. दहा मिनिटांनी दुसरं उत्तर येतं. चार दिवस भांडी मला घासावी लागली, कंबर धरली, राग आला होता; त्यांनाही थोडी झळ पोचावी असं वाटत होतं. म्हणजे प्रश्न कंजूषपणाचा नव्हता, उट्टं काढण्याचा होता. हा फरक महत्त्वाचा आहे. कंजूषपणावरचा उपाय वेगळा आणि सूडबुद्धीवरचा वेगळा. बाहेरून कृती एकच दिसते, म्हणून लोक चुकीच्या दुखण्यावर औषध घेत बसतात.

*त्याची किंमत कोणी मोजली?* मावशींनी. आणि कदाचित त्या नातवाच्या औषधांनी. मला स्वतःला ऑफिसात भरपगारी रजा मिळते, हेही याच प्रश्नाच्या पोटात निघतं.

> तपासा: लिहिलेल्या ओळीत एक दिवस, एक माणूस आणि एक कृती आहे का? नुसतं विशेषण असेल (रागीट, आळशी, गर्विष्ठ) तर पुन्हा लिहा.

> सावध: कागदावर दुसऱ्याच्या चुका येऊ लागल्या ("पण तीही नेहमीच…") की पेन खाली ठेवा आणि टप्पा ४ पुन्हा करा.

याच सुमाराला, बसून दोनेक तास झाले की, कंटाळा येतो. अंग जड होतं, घड्याळाकडे नजर जाते, अचानक गॅसचा नंबर लावायचा आठवतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या तापसाने याचं फार नेमकं वर्णन केलं आहे: दिवस पन्नास तासांचा वाटतो, माणूस खिडकीकडे पाहतो, सूर्य किती वर आला ते पाहतो, कोणी भाऊ भेटायला येतोय का ते पाहतो. तेव्हा हे तुमचं काही बिघडल्याचं लक्षण नाही. पाच मिनिटं चाला, पाणी प्या, परत या. इग्नेशियस यांचा नियम तर उलटाच: बसवेनासं झालं की ठरल्यापेक्षा थोडं जास्त बसायचं.

## टप्पा ६: क्षमायाचना (२० मिनिटं, जास्त नाही)

लिहिलेली ओळ देवापुढे मोठ्याने वाचा. मोठ्याने, कारण मनातल्या मनात शब्द गुळगुळीत होतात. मग स्तोत्र ५१ वाचा. कॅथलिक असाल तर प्रायश्चित्त संस्काराला (फादरांपुढच्या पापनिवेदनाला) कोणत्या दिवशी जाणार ते कागदाच्या मागे लिहा. इतक्या स्पष्ट ओळीमुळे पापनिवेदनही सोपं जातं. प्रॉटेस्टंट असाल तर विश्वासातल्या एका माणसापुढे ही ओळ वाचता येईल का, ते पाहा.

वेळेची मर्यादा पाळा. तासभर स्वतःला कोसत बसणं हा पश्चात्ताप नव्हे; त्यात सगळं लक्ष पुन्हा स्वतःवरच खिळलेलं असतं.

> तपासा: या टप्प्यानंतर दुःख असेल, चालेल. पण देवाची भीती वाढली असेल, त्याच्यापासून लपावंसं वाटत असेल, तर इथेच थांबा, टप्पा २ चं वचन पुन्हा वाचा आणि घरी जा. पुढचं मार्गदर्शकाशी बोलून.

## टप्पा ७: निर्धार (१५ मिनिटं)

एकच, लहान, आणि तारीख असलेला. "यापुढे प्रेमाने वागेन" हा निर्धार नव्हे. "शनिवारी मावशींचे कापलेले पैसे परत देईन, आणि वर्षाला बारा भरपगारी सुट्ट्या ठरवून त्यांना सांगेन" हा निर्धार. मूळ सूडबुद्धीचं होतं, म्हणून त्याला एक जोडही हवी: रागात असताना पैशाचा निर्णय घेणार नाही, एक रात्र जाऊ देईन.

> सावध: नोकरी सोडणं, लग्न मोडणं, भावाशी वाटणीचा दावा लावणं असले निर्णय या चार तासांत घेऊ नका. मन उदास असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही, हा इग्नेशियस यांचा नियम इथे तंतोतंत लागू पडतो. विचार आला तर कागदाच्या कोपऱ्यात टिपून ठेवा, चांगल्या दिवशी पाहा.

## टप्पा ८: त्या माणसाकडे जाणं (दोन दिवसांच्या आत)

वेदीपाशी अर्पण आणताना भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, असा क्रम मत्तय ५ मध्ये आहे. जक्कय या जकातदाराने तर कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करण्याची तयारी दाखवली (लूक १९). एलीयालाही डोंगरावर राहू दिलं नाही. परत जा, आणि अमुक अमुक माणसांना अभिषेक कर, असं काम देऊन धाडलं.

तरी जाण्याची रीत आहे, आणि ती चुकली तर आधीच्या चार तासांवर पाणी पडतं.

"मी प्रार्थनेला बसले होते, देवाने मला दाखवलं…" अशी सुरुवात करू नका. त्यात तुमची भक्ती पुढे येते आणि समोरच्याची तोंड उघडायची सोय राहत नाही. साधं बोला: "मावशी, मागच्या महिन्यात तुमचे चार दिवसांचे पैसे कापले, ते चुकलं. हे घ्या." आणि गप्प बसा. "पण तुम्ही आधी कळवायला हवं होतं" हे शेपूट जोडू नका. ज्याचा पगार तुमच्या हातात आहे त्याच्याकडे "मला माफ केलं ना?" असं विचारूही नका; त्याला नाही म्हणता येत नाही, मग त्या होकाराला काय अर्थ?

काही ठिकाणी जायचं नसतं. ज्या माणसाने संपर्क करू नका असं सांगितलं आहे. जिथे तुमच्या कबुलीने तिसऱ्याचं गुपित फुटेल. जुनं प्रकरण, जे उकरल्याने तुमचं मन हलकं होईल पण समोरच्याचा संसार हलेल. अशा वेळी आधी फादर किंवा पाळक यांच्याशी बोला. पैसे मात्र नक्की परत करता येतात.

## पुढचे सात दिवस

कागदाच्या मागे सात दिवसांसाठी रेघा ओढा, दिवसाला दोन: एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची. ज्या एका गोष्टीचा निर्धार केला तीत घसरलात की एक ठिपका द्या. इग्नेशियस यांची ही पद्धत आता पाचशे वर्षांची होत आली, आणि तिला अॅप लागत नाही. घसरल्याक्षणी छातीवर हात ठेवायचा, असंही ते सांगतात. चारचौघांत केलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

दुपारी आणि रात्री दोन-दोन मिनिटं पुरतात. दुसरी रेघ पहिलीशी, आजचा दिवस कालच्याशी ताडून पाहा. पहिले तीन दिवस ठिपके वाढलेले दिसतील. ते घसरणं वाढल्यामुळे असेलच असं नाही. आता ते दिसू लागलं आहे.

सातव्या दिवशीही ठिपके तेवढेच असतील तर निर्धार फार मोठा होता किंवा दुखणं ओळखण्यात चूक झाली. पुढच्या महिन्याच्या एकांतात नवा प्रसंग शोधू नका. हाच कागद घेऊन बसा आणि टप्पा ५ मधला पहिला प्रश्न पुन्हा विचारा.